आधी डबा काढ

शिर्क्यांनी मेणकागद उलगडला आणि त्यातले तीन लोखंडी तुकडे टेबलावर एकापुढे एक मांडले. मधे बोटभर अंतर ठेवून, खणून काढलेली हाडं मांडावीत तसे.

"वाचा, डॉक्टर."

मी भिंग घेतलं. तुकड्यांच्या कडा वितळून पुन्हा गोठलेल्या होत्या. एका तुकड्यावर साल होतं, १९४२. दुसऱ्यावर क्रमांकाचे पहिले तीन आकडे. पुढचे गॅसच्या ज्योतीने खाल्ले होते.

"बेचाळीस सालची बंदूक आहे," मी म्हणालो. "क्रमांक अर्धाच उरलाय."

"म्हणजे चव्वेचाळीसला इटलीत असू शकते."

"असू शकते. बर्मात असू शकते. एखाद्या गोदामात झोपूनही असू शकते."

"इटलीत असू शकते, एवढंच लिहा. बाकीची ठिकाणं लिहायला कागद कमी पडेल."

ते हसले. टेबलाच्या पलीकडे बसलेला त्यांचा अमेरिकन मित्र अर्लही हसला. त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण गॅरी हसला की हसायचं हा त्याचा तीस वर्षांचा रिवाज होता. गजानन शिर्क्यांना त्या गावात सगळे गॅरी म्हणत.

गाव पेनसिल्व्हेनियातलं. कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर मागे उरलेलं. पोलादपूर तालुक्यातून निघालेल्या शिर्क्यांनी तिथे यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना उभा केला होता आणि कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये स्वतःचा छंद. हा छंद मला आधी ठाऊक नव्हता. जगभरच्या फौजांनी मोडीत काढलेल्या जुन्या बंदुका तिथे पेट्यांतून विकत मिळतात. नळी, लाकडी दस्ता, पुढची दोन पायांची टेकण, चाप, सगळं शाबूत असतं. फक्त मधला सांगाडा, ज्याला तिथले लोक रिसीव्हर म्हणतात आणि कायदा ज्यालाच बंदूक मानतो, तेवढा ज्योतीने कापून आणलेला. तो पुन्हा जोडायचा नाही. नवा घडवायचा, आणि असा घडवायचा की चाप एकदा ओढला तर एकच गोळी सुटावी. मग त्याच्याभोवती जुने भाग चढवायचे. बाहेरून महायुद्ध आणि आतून कायद्याचं आज्ञाधारक बाळ. निवृत्त वेल्डर, औषधविक्रेते, शाळेचे माजी मुख्याध्यापक असे सभ्य लोक या कामात आपले शनिवार घालवत.

शिर्क्यांना फक्त ब्रेन हवी होती. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणींच्या प्रत्येक तुकडीत एक असे ती हलकी मशीनगन, वरून चढवलेल्या गोळ्यांच्या वाकड्या डब्याची. त्यांचे वडील, शिपाई सखाराम शिर्के, चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात इटलीत मेले तेव्हा गजानन चार वर्षांचा होता. घरी तार आली, पुढे एक पितळी पदक आलं. वडील ब्रेन चालवत होते एवढं मुलाला माहीत होतं. पुढचं त्याने स्वतः घडवलं होतं, जसा तो सांगाडा घडवत होता.

आणि त्याला प्रमाणपत्र द्यायला मी होतो.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. महायुद्धातले मराठी शिपाई हा माझ्या प्रबंधाचा विषय. अकरा मैलांवरच्या कॉलेजात मला एक वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली ती शिर्क्यांच्या देणगीतून, हे मला विमानातून उतरल्यावर समजलं; घ्यायला तेच आले होते. राहायची सोय शेडच्या माडीवर. गावात बस नव्हती आणि मला गाडी येत नव्हती, त्यामुळे कॉलेजात सोडायला आणि आणायला तेच. जेवण त्यांच्या घरी, त्यांच्या पत्नी कुसुमकाकूंच्या हातचं. व्हिसाचे कागद कॉलेजच्या कचेरीत असत, पण ते पुढे सरकायला देणगीदाराची सही लागे. पुण्याहून माझ्या पत्नीने कळवलं होतं की तिने शाळेतली नोकरी सोडली, जूनची तिकिटं बघ, मुलीसाठी बूट कुठल्या मापाचे घेऊ. मी सगळ्यांचा ऋणी होतो. मला कोणी कोंडलेलं नव्हतं. दार उघडं होतं आणि दाराबाहेर दोन फूट बर्फ होतं.

मोबदल्यात माझ्याकडून एवढंच हवं होतं: मराठी-इंग्रजी अशी चाळीस पानांची पुस्तिका, आणि तयार झालेल्या ब्रेनखाली लावायच्या पितळी पाटीवर दोन ओळी. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रविवारी गावच्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये समारंभ होणार होता. कॉलेजचे डीन येणार होते. त्याच व्यासपीठावर माझी शिष्यवृत्ती तीन वर्षांनी वाढवल्याचं जाहीर व्हायचं होतं.

शिर्के माझे मसुदे लेथजवळ उभे राहून वाचत. वाचताना हातातली कानस पानांवर टेकवत, त्यामुळे माझ्या पानांना ग्रीजचा वास येई. एकदा त्यांनी मला सुचवलं की 'पुढे सरकला' याऐवजी 'सिंहासारखा झेपावला' असं हवं.

"कोणी पाहिलं?" मी विचारलं.

"न झेपावल्याचं कोणी पाहिलं?"

मी म्हटलं की इतिहासात असं चालत नाही. ते म्हणाले, पुण्याच्या लोकांचं हेच दुखणं आहे, आमचे मेलेले मोजायचे पण त्यांना उठू द्यायचं नाही. आणि मग शांतपणे, "तळटिपा मी वाचत नाही. त्या तुमच्या लोकांसाठी. तिथे काय ते बारीक लिहा. वरचं मात्र मला वाचता आलं पाहिजे."

लेथच्या वर भिंतीवर एक पत्र्याची पाटी होती. लाल रंगात, शाळकरी मराठी अक्षरांत: आधी डबा काढ. अर्ल शेडमध्ये आला की तिला बोटाने टकटक करी. त्याला तो मंत्र वाटे. एका अर्थी होताच. शिर्क्यांना तो धोंडीकाकांनी दिला होता.

धोंडी जाधव. शिर्क्यांच्या बोलण्यात वडील दिवसातून एकदा येत आणि धोंडीकाका दहादा. ते सखारामबरोबर पलटणीत होते, शेजारच्या वाडीतले. शेहेचाळीसला सुटून आले ते आधी सखारामच्या दारात. त्याचा कंगवा, आरसा आणि एक इटालियन चमचा घेऊन. त्यानंतर सदतीस वर्षं ते त्या दारात येत राहिले. विधवेचं शेत त्यांनी नांगरलं, स्वतःचं मागे ठेवून. सावित्री नदीला पूर असताना गजाननला खांद्यावर घेऊन शाळेत नेलं. मुंबईला तंत्रशाळेत त्याचं नाव घालायला तेच गेले, फेटा बांधून, आणि साहेबाने बाप का आला नाही असं विचारल्यावर म्हणाले, मी आहे ना.

"घरात मात्र कधी यायचे नाहीत," शिर्के सांगत. "ओट्यावरसुद्धा नाही. पायरीवर बसून जेवायचे. भारी भिडस्त माणूस."

बंदूक कशी धरायची हे त्यांनीच गजाननला शिकवलं होतं, बांबूच्या तुकड्यावर. बांबूला वाकडं दोडकं बांधलेलं, तो डबा. हात लावण्यापूर्वी दोडकं सोडायचं. पोराने विसरून बांबू उचलला की धोंडीकाकांचा हात पाठीत बसे. एरवी त्यांनी कधी बोट लावलं नाही, यावर शिर्के हसत. "सात वर्षांचं पोर, हातात बांबू, आणि हा माणूस थरथरतोय. आधी डबा काढ, आधी डबा काढ. काय शिस्त बघा पलटणीची."

खंडेनवमीला शिर्क्यांनी लेथला हळदकुंकू वाहिलं, झेंडूऐवजी दुकानातली पिवळी फुलं. मेणकागदावरच्या तीन तुकड्यांनाही वाहिलं. तेव्हा त्यांना आठवलं की गावात हत्यारपूजेच्या दिवशी धोंडीकाका कधीच नसत. सकाळीच महाडला निघून जात, तिसऱ्या दिवशी परतत. का, ते कोणी विचारलं नव्हतं.

मीही विचारलं नाही. मला त्या म्हाताऱ्यात रस नव्हता. मला त्या दिवसांत फक्त माझ्या अपमानांत रस होता आणि ते मी क्रमवार लावून ठेवत होतो.

त्यातला मोठा डिसेंबरात झाला. कुठल्याशा प्रदर्शनाहून अर्लचे तीन मित्र आले होते. शिर्क्यांनी त्यांना शेड दाखवली. हे माझं लेथ, हे माझं मिलिंग मशीन. मग खांद्यावर हात ठेवून, हा माझा इतिहासकार. एकाने विचारलं, हा कुठून मागवलास? सगळे हसले. मीही हसलो, मला विनोद कळतो. हसण्यात माझा क्रमांक अर्लच्याही नंतर लागला, हे माझ्या लक्षात राहिलं.

पाच जानेवारीला लंडनच्या अभिलेखागारातून माझ्या नावे लिफाफा आला. ऑगस्टमध्ये मागवलेल्या छायाप्रती होत्या, सखाराम शिर्क्यांच्या पलटणीची रोजनिशी, नोव्हेंबर-डिसेंबर चव्वेचाळीस. माडीवर दार लावून मी ती वाचली. दोन महिन्यांच्या चिखलात, गस्तींत आणि तोफांत मला हवी ती तारीख होती आणि तिच्यापुढे टंकलिखित तीन ओळी. मी त्या चार वेळा वाचल्या. चौथ्यांदा वाचताना मला भूक लागल्याचं जाणवलं. आनंद झाला की मला भूक लागते.

तेव्हा मी माझी बावीस क्रमांकाची तळटीप लिहिली. ती पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असणार होती, म्हणजे ते वाचणार नाहीत अशा जागी, जी त्यांनीच मला नेमून दिली होती. वर मजकुरात 'धारातीर्थी पडले' तसंच राहू दिलं. खाली पुरावा: कागदाचा क्रमांक, तारीख, तिन्ही ओळी जशाच्या तशा, नावासकट. समारंभात दोनशे प्रती वाटल्या जातील. कोणीतरी, डीन किंवा एखादा रिकामटेकडा मुख्याध्यापक, रात्री पांघरुणात ती वाचेल. मी खोटं बोललेलो नसेन. मी फक्त बारीक लिहिलेलं असेल. एकोणीस दिवस मी ती टीप शब्द बदलून बदलून धारदार केली आणि त्यांच्या घरी जाऊन कुसुमकाकूंच्या हातचं थालीपीठ खाल्लं. काकू म्हणायच्या, तुम्ही हल्ली छान जेवता.

चोवीस जानेवारी, शनिवार. ब्रेन तयार होऊन लाकडी घोडीवर उभी होती. मी मान्य करतो की ती देखणी होती. नवा सांगाडा आणि जुनी नळी यांच्यातला सांधा नखालाही लागत नव्हता. शिर्के अर्लला इंग्रजीत समजावत होते, आणि मग मला मराठीत: मूळ ब्रेनमध्ये गोळी पुढे ढकलणारा बोल्ट मागे अडकून उभा राहायचा, तोंड उघडं. दस्ता जोरात आपटला आणि डबा वर असला तर चापाला हात न लावताही ती सुटू शकायची. इथला कायदा तसं बनवू देत नाही. म्हणून हिचं तोंड बंद. "वडिलांची होती त्याहून ही शहाणी आहे," ते म्हणाले.

छपाईवाल्याला पुस्तिका चारपर्यंत हवी होती. दुपारचा एक वाजला होता. शिर्क्यांनी पितळी पाटी कोरायच्या यंत्रावर लावली आणि माझ्यापुढे कोरा कागद सरकवला.

"मजकूर झाला. खाली तुमची सही हवी. कागदावर करा, यंत्र तशीच्या तशी उतरवतं. डॉक्टर हा शब्द आधी घाला."

मी मजकूर पाहिला. ब्रेनवर झुंजत असता शत्रूच्या गोळीने धारातीर्थी पडलेले शिपाई सखाराम शिर्के. आणि खाली रिकामी जागा, माझ्या नावाच्या मापाची.

तळटिपेच्या गणितात हे नव्हतं. पुस्तिकेत मी वर एक आणि खाली एक बोललो होतो. पितळेला तळ नव्हता.

"मी यावर सही करणार नाही," मी म्हणालो.

"का?"

"खोटं आहे."

शिर्के रागावले नाहीत. त्यांनी यंत्राचा खटका बंद केला. मग बाजूच्या फडक्याला हात पुसत समजुतीने म्हणाले की सोमवारी कॉलेजात कागद जायचे आहेत, तुमच्या बायकोची तिकिटं आहेत, एका सहीने काय होतं. धमकी नव्हती. हवामान सांगावं तसं सांगत होते. मला वाटतं त्या स्वराने माझं उरलंसुरलं शहाणपण संपलं. मी कोटाच्या आतल्या खिशातून छायाप्रत काढली. ती मी अंगावर बाळगत होतो.

"हे वाचा. तुमच्या वडिलांच्या पलटणीची रोजनिशी आहे. त्याच तारखेची."

त्यांनी कागद घेतला. हात लांब करून धरला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला. बराच वेळ. तीन ओळी वाचायला लागतो त्याहून कितीतरी अधिक. कोपऱ्यात अर्लने कॉफीचा मग खाली ठेवला. मग शिर्क्यांनी कागद मला परत दिला.

"चष्मा नाही माझ्याकडे. तुम्ही वाचा."

चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. काळी काडी आणि अर्धी काच बाहेर डोकावत होती. मी ते बोलणार होतो. एवढंच नव्हे, काय टोमणा मारायचा तोही जुळवून झाला होता. पण आधी वाचावं असं ठरवलं. टोमणा नंतरही चालला असता.

मी मराठी करून वाचलं. " 'दुपारी तीन. ट्रकमधून सामान उतरवताना ब्रेन खाली देत असता दस्ता आपटून गोळी सुटली. शिपाई सखाराम शिर्के जागीच ठार. डबा काढलेला नव्हता.' "



शिर्क्यांनी मान वळवली नाही. पण त्यांचे डोळे वर गेले, लेथच्या वर, पत्र्याच्या पाटीवर, आणि तिथेच राहिले. मी त्यांच्याकडे बघत होतो. सांगायला हरकत नाही, मी मोठ्या आवडीने बघत होतो. मला पाहायचं होतं की हे जेव्हा एखाद्याच्या चेहऱ्यावर उतरतं तेव्हा कसं दिसतं. तसं काहीच दिसलं नाही. सात वर्षांचं पोर बांबू धरून उभं असावं तसे ते उभे होते, पाठीत धपाटा बसण्याची वाट बघत.

"पुढे?" ते म्हणाले.

पुढे तिसरी, शेवटची ओळ होती. टंकलेखनाची, काळीकुळकुळीत, एकही अक्षर न तुटलेली. 'ब्रेन लान्स नाईक धोंडी जाधव याच्या हाती होती. अटक, चौकशीअंती मुक्त.'

"पुढे काय आहे, डॉक्टर? कोणाच्या हातात होती?"

एकोणीस दिवस मी या प्रश्नाची वाट बघितली होती. उत्तर तोंडात तयार होतं, पाच अक्षरी. मी मान वर केली तेव्हा माझी नजर पुन्हा त्या खिशावर गेली. ते माझी नजर कुठे गेली ते बघत होते. चष्म्याकडे त्यांनी हात नेला नाही. नेऊ शकत होते. एक वीत अंतर होतं. तेव्हा मला कळलं की त्यांना वाचून झालेलं आहे, आणि ते मला माहिती विचारत नाहीत, दुसरं काहीतरी मागत आहेत. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याकडे मागत होते.

"ओळ पुसट आहे," मी म्हणालो. "प्रत नीट उठलेली नाही."

"पुसटच असणार," शिर्के म्हणाले. "पन्नास वर्षं होऊन गेली."

अर्लने इंग्रजीत विचारलं की काही वाईट बातमी आहे का. शिर्के म्हणाले, नाही, जुनी आहे.

मग ते घोडीजवळ गेले. ब्रेनवरचा रिकामा वाकडा डबा त्यांनी अंगठ्याने खटका दाबून काढला, आणि टेबलावर हळूच आडवा ठेवला. त्यात काहीच नव्हतं, कधीच नव्हतं. ते स्टुलावर बसले, माझ्याकडे पाठ करून.

"ते पायरीवर जेवायचे ना," ते म्हणाले, "एकदा मी आईशी भांडलो. कॉलेजात होतो तेव्हा. म्हटलं, हा माणूस आपल्यासाठी झिजतोय आणि तू त्याला आत घेत नाहीस, लोक काय म्हणतील. आई भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, बसू दे त्यांना पायरीवर. त्यांना बरं वाटतं."

मग म्हणाले, "तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिला छायाप्रत लागलीही नाही."

माझ्याकडे त्या जागी लावण्यासारखा पुरावा नव्हता.

त्यांनी यंत्रावरची पाटी काढली आणि नवी लावली. पेन्सिलने कागदावर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग कागद माझ्यापुढे आला. शिपाई सखाराम शिर्के आणि लान्स नाईक धोंडी जाधव यांनी चालवलेली बंदूक, इटली, १९४४.

" 'चालवलेली' काढा," मी म्हणालो. "नुसतं 'यांची बंदूक' पुरे. ब्रेनला दोन माणसं लागतात. एक चालवणारा, एक डबे देणारा. कोण चालवत होता हे कोणी विचारणार नाही."

"हे तुम्ही म्हणताय?"

"हे खरं आहे."

"मग सही करा."

मी सही केली, डॉक्टर हा शब्द आधी घालून. यंत्राने ती तशीच्या तशी उतरवली.

माडीवर जाऊन मी संगणकावर बावीस क्रमांकाची टीप पुसली. एक बोट लागलं. पुढचे क्रमांक आपोआप सरकत नव्हते, हाताने बदलावे लागत. पावणेचार वाजले होते; बदलायला वेळ होता. मी बदलले नाहीत. त्या पुस्तिकेत तळटिपा एकवीसनंतर थेट तेवीस आहेत. ती पुढे तीन ग्रंथालयांत गेली, दोन प्रबंधांत तिचे संदर्भ आले. चोवीस वर्षांत एकाही वाचकाने मला विचारलं नाही की मधली कुठे गेली. विद्वानांच्या वाचनाबद्दल माझं जे मत आहे ते तेव्हापासूनचं आहे.

त्या वर्षांत मी त्याच कॉलेजात शिकवलं. पुरावा दडवणाऱ्या सहा विद्यार्थ्यांना नापास केलं. एकीने विचारलं होतं की दडवण्यामागे दयाही असू शकते का. मी म्हणालो, दयेची तपासणी करण्याची सोय आपल्या विषयात नाही. तपासणी करता आली असती तर मी पहिला अर्ज केला असता. ज्या क्षणी मी पुसट म्हणालो त्या क्षणी जूनची तिकिटं, बुटांचं माप आणि त्या म्हाताऱ्याची पायरी हे सगळं माझ्या डोक्यात एकदम होतं. कुठलं आधी होतं ते मी आजतागायत वेगळं काढू शकलेलो नाही. नखाला लागेल असा सांधाच नाही.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. महाराष्ट्र मंडळाच्या बायकांनी तिळाच्या वड्या आणल्या होत्या. म्हातारे अमेरिकन सैनिक टोप्या घालून ब्रेनभोवती फिरत होते, नळीचं कौतुक करत होते, पितळेवरच्या देवनागरीवर बोट फिरवत होते. अर्लने मला बाजूला घेऊन विचारलं की पाटीवर काय लिहिलंय. मी सांगितलं, दोन नावं. दोघे भाऊ होते का? मी म्हणालो, जवळजवळ. तो म्हणाला, मला वाटलंच.

कुसुमकाकू पहिल्या रांगेत होत्या. धोंडी जाधव हे नाव डीनने अडखळत वाचलं तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. लेथवरची पाटी त्या दिवसानंतर मला दिसली नाही. कुठे गेली ते मी विचारलं नाही. त्या घरात न विचारण्याची मला तोवर सवय लागली होती.

शेवटी माझं नाव पुकारलं गेलं. व्यासपीठावर टेबल, टेबलावर कराराचा कागद, तीन वर्षांचा. देणगीदाराची सही आधीच झालेली होती. टाळ्या वाजत होत्या. शिर्के माझ्या शेजारी उभे होते, नव्या सुटात, आणि त्यांनी पेन पुढे केलं.

"वाचून घ्या, डॉक्टर," ते हळू आवाजात म्हणाले. "अक्षर बारीक आहे."

मी कागदावर वाकलो. त्यांनी कोटाच्या वरच्या खिशात हात घातला आणि काळ्या काड्यांचा चष्मा बाहेर काढला. तो उघडून तळहातावर धरला, माझ्यापुढे.

"देऊ?"

"नको," मी म्हणालो. "मला दिसतंय."

आणि मी सही केली.